शेवटच्या गाडीला दिलेली काठी

मला एका जागी उभं राहता येत नाही. देवळातल्या रांगेतसुद्धा मी पुढच्याच्या पाठीला बोट लावून म्हणतो, "सरका की पावणं, देवानं काय तुमचं एकट्याचंच ऐकायचं हाय व्हय?" बायको मान खाली घालते. माझी सगळी हयात दुधाच्या गाडीवर गेली. कोडोलीकडच्या गावांतनं पहाटे कॅन गोळा करायचे आणि ऊन चढायच्या आत शहरात चिलिंग सेंटरवर पोचवायचे, असं अठ्ठावीस वर्षं केलं. दुधाला थांबणं माहीत नसतं. थांबलं की फाटतं, आणि फाटलं की एकट्याचं फाटत नाही, अख्ख्या गावाचं फाटतं. म्हणून आमच्यात नियमच होता, एकदा कॅन चढले की चाक थांबवायचं नाही. लग्नाची वरात आडवी आली तर हॉर्न दाबून कडेला घ्यायला लावायची, मयत आलं तर स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावायचा आणि बाजूनं गाडी काढायची. असा माणूस म्हातारपणी झेंडी धरून रस्त्यात उभा राहिला, आणि पुढं काय झालं ते सांगतो.

रिटायर झालो आणि आठ महिन्यांत घरातल्या सगळ्यांशी भांडून झालं. नळ कुणी उघडा टाकला, टीव्हीचा आवाज कुणी वाढवला, पेपर आधी कुणी चुरगाळला. माझं तोंड बंदच होईना. शेजाऱ्यानं एकदा माझ्या दारात गाडी लावली तर त्याला असा धारेवर धरला की तो महिनाभर मागच्या बोळातनं ये-जा करत होता. सून चांगली आहे, ती तोंडावर कधी काही बोलली नाही. मुलाला मात्र म्हणाली, आणि मी भिंतीपलीकडनं ऐकलं, "बाबांना कुठंतरी कामाला लावा हो, न्हायतर मला तरी लावा." मला राग आला. मग हसूही आलं, कारण तिचं खरं होतं.

त्याच सुमारास आमच्या बाजूनं शहरात शिरणाऱ्या रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम निघालं. लोक म्हणाले, पुण्याला मेट्रो धावाय लागली, आपल्याला निदान पूल तरी होऊ दे. पूल कुठला, आधी खड्डेच. निम्मा रस्ता पत्रे लावून बंद केला, पत्र्याआड मशिनं धडाधड जमिनीला भोकं पाडायला लागली, आणि उरलेल्या निम्म्या रस्त्यात जाणारे-येणारे समोरासमोर येऊन मिशीला पीळ द्यायला लागले. आमच्या गावचा माणूस जेवायला घालेल, उसनी म्हैस देईल, पण गाडी मागं घेणार नाही. ठेकेदाराला रस्ता सांभाळायला माणसं पाहिजे होती. मुलानं कुठंतरी शब्द टाकला आणि माझ्या अंगात पिवळं जॅकेट आलं, गळ्यात शिट्टी आली, हातात दोन झेंड्या आल्या, एक हिरवी आणि एक तांबडी.

काम ऐकायला सोपं. चारशे-पाचशे पावलांचा एकेरी रस्ता, मधे एक वळण, वळणावर उंच पत्रे, त्यामुळं ह्या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही. मी गावाकडच्या टोकाला, दुसरा वॉर्डन शहराकडच्या टोकाला. आधी माझ्या बाजूच्या वीस-पंचवीस गाड्या सोडायच्या, मग त्याच्या बाजूच्या. पण माझी शेवटची गाडी बाहेर पडली हे त्याला कळायचं कसं? पहिल्यांदा दोन वॉकीटॉकी दिले होते. त्यातला एक खांबाच्या खड्ड्यात पडला आणि चिखलात गेला तो गेलाच. मोबाईल रोज सकाळी ऑफिसच्या कंटेनरमध्ये जमा करायला लागायचे, कारण आधीचे दोन वॉर्डन झेंडी काखेत मारून रील बघत बसलेले कामावरच्या साहेबानं पकडले होते. मग मीच साहेबाला म्हटलं, "साहेब, एक काठी द्या."

ही अक्कल माझी. आमच्या डोंगराकडच्या रस्त्याला दरड पडून निम्मा रस्ता गेला की आम्ही असंच करायचो. हातभर काठी तांबड्या रंगात बुडवायची. ह्या टोकाची शेवटची गाडी सुटताना ती तिच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. काठी पलीकडच्या माणसाच्या हातात पडली म्हणजे मधला रस्ता मोकळा. मग त्यानं आपल्या गाड्या सोडायच्या आणि काठी त्यांच्या शेवटच्या गाडीबरोबर परत धाडायची. काठी नाही तर गाडी नाही, एवढा एकच नियम. साहेब परमुलखातला, वयानं माझ्या मुलाएवढा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. त्याला हे लई पसंत पडलं. सगळ्यांसमोर त्यानं माझी पाठ थोपटली आणि मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

पलीकडच्या टोकाला, ते रीलवाले गेल्यावर, एक बाई आली. तिशीतली, अंगानं वाळकी, पण आवाज असा की शिट्टी नुसती शोभेला. कळंब्याला भावाच्या घरी राहायची. पहिल्याच दिवशी एका बुलेटवाल्यानं तिनं रस्त्यात आडव्या धरलेल्या दोरीखालनं गाडी घुसवली, तर हिनं त्याची चावीच काढून घेतली. "पावणं, काठी आल्याबिगर सोडत न्हाय. यवढी घाई असंल तर काल निघायचं हुतं!" ही गोष्ट दहा मिनिटांत माझ्या टोकाला पोचली. म्हटलं, वा गं वाघीण, ही आपल्या जातकुळीतली.

दुपारी काँक्रिटच्या गाड्या लागल्या की अर्धा तास सगळाच रस्ता बंद असायचा. तेव्हा आम्ही दोघं पत्र्याच्या सावलीला डबे सोडायचो. ती मला मामा म्हणायची. एकदा भाकरी मोडता मोडता, हवापाण्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं, "नवरा मारतोय, मामा. म्हणून पोरीला घिऊन आलेय." सासर हातकणंगल्याकडचं. भाऊ ठेवून घ्यायला तयार झाला, पण त्यानं बायकोसमोर अट घातली होती. काम आहे तोवर राहा. काम सुटलं की सासरला जा, मला दोन संसार ओढवत नाहीत. पूल व्हायला अजून दीड-दोन वर्षं होती. तेवढ्यात मुलगी इथल्या शाळेत रुळेल, आपले चार पैसे बाजूला पडतील, मग एक खोली बघू, असं तिचं चाललं होतं. "मामा, ह्यो पूल जितका रखडंल तितका बरा बगा," ती हसून म्हणाली. अख्खं शहर त्या कामाच्या नावानं बोटं मोडत होतं, आणि ही एकटी ते रखडावं म्हणून अंबाबाईला साकडं घालत होती. मी लोणच्याची फोड तिच्या डब्यात टाकली आणि म्हटलं, "खा. कोण काढत न्हाय तुला."

आता माझी खोड सांगतो. दुधाची गाडी दिसली की माझा हात आपोआप हिरव्या झेंडीकडं जायचा. खेप सोडून झालेली असो, काठी कुणाच्या हातात पडलेली असो, मी ती परत काढून घ्यायचो, मागनं आलेली दुधाची गाडी रांग मोडून पुढं घ्यायचो आणि काठी तिला द्यायचो. "दूध हाय, दूध हाय," म्हटलं की लोकही फार कुरकुरत नसत. म्हशीच्या धारोष्ण दुधाचे पेले रस्त्यात उभं राहून रिचवणारं गाव हे, दुधाला इथं मान आहे. बाईनं मात्र मला दोनदा बजावलं होतं. "मामा, तुमच्या दुधाच्या गाड्या लई पळत्यात हो. काठी हातात देत न्हाईत, खिडकीतनं भिरकावत्यात. परवा डोसक्यात बसली असती." मी हसण्यावारी नेलं. मला ही रस्ता शिकवणार काय, असंही मनात आलं, लपवत नाही.

तो दिवस उसाच्या हंगामातला. सकाळी नऊचा सुमार. शाळा, ऑफिसं, कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर, सगळं एकदम तुंबलेलं. माझी खेप सुटली होती. शेवटच्या टेम्पोवाल्याला काठी दिली आणि तांबडी झेंडी उभारली. तेवढ्यात मागनं हॉर्न आला. तो हॉर्न मी झोपेतसुद्धा ओळखला असता. माझीच जुनी गाडी. माझ्या हाताखाली बारा वर्षं क्लिनर असलेला गडी आता तिच्यावर ड्रायव्हर आहे. खिडकीतनं निम्मा बाहेर येऊन तो ओरडला, "वस्ताद, पंक्चर झालतं! तासभर तिथंच गेला! दूध फाटतंय ओ!"

झालं. मी धावत जाऊन टेम्पोवाल्याला अडवलं, त्याच्या हातातली काठी ओढून घेतली, टेम्पो कडेला दाबला आणि माझ्या पठ्ठ्याला पुढं काढला. काठी त्याच्या मांडीवर टाकली. "पळ मर्दा! पण काठी द्यायची इसरू नगंस!" धुरळा उडवत तो वळणाआड गेला तेव्हा, खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतके महिने उभं राहून पाय आंबले होते. कुणीतरी जोरात चाललंय हे बघूनसुद्धा मला बरं वाटायचं.

मग वाट बघायला लागलो. पाच-सात मिनिटांत पलीकडची पहिली गाडी दिसायला पाहिजे. दहा झाली, पंधरा झाली. मधला रस्ता सताड मोकळा, एक कुत्रं तेवढं आरामात चाललेलं, आणि माझ्यामागं रांग कुठवर गेलेली देव जाणे. हॉर्न, शिव्या, इंजिनांचा धूर. टेम्पोवाला तर तापलाच होता. "मला वडून मागं घेतलासा न्हवं? आता बसा बोंबलत!" मी दोन पावलं पुढं जायचो, दोन मागं यायचो. बाई चहाला गेली की काय, असंही वाटून गेलं. एवढ्यात गटारीच्या कडेनं एक मोटरसायकलवाला तिकडनं कसाबसा आला. मी त्याला थांबवून विचारलं, काय झालंय?

"ती बाई काठी काठी करून वरडाल्या," तो म्हणाला. "काठी आल्याबिगर एक गाडी सोडंना झाल्या. लोकं अंगावर धावून जायला लागल्यात तिच्या."

पठ्ठ्या काठी घेऊनच पुढं गेला, हे मला जागच्या जागी कळलं. आता मला करायचं होतं ते एवढंच. चालत जायचं आणि तिला सांगायचं, पोरी, काठी गेली, रस्ता मोकळा आहे, तुझ्या गाड्या सोड. नाहीतर त्याच मोटरसायकलवाल्याला निरोप देऊन परत पिटाळायचं. पण मग चारचौघांत कबूल करावं लागणार की काठी मी भलत्या गाडीला दिली, आणि टेम्पोवाला तिथंच कंबरेवर हात ठेवून उभा. त्यात एका मोटारीतल्या शहाण्यानं काच खाली केली आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, जमत नसंल तर घरी बस की!"

घरी बस. बास, माझं डोकं फिरलं. "जावा!" मी ओरडलो, "जावा सगळी, काय मरायचं ते मरा!" आणि हिरवी झेंडी वर केली. हातात काठी नसताना. नियम माझा, आणि तो मोडला मीच.

त्याच वेळेला तिकडं लोकांनी तिची दोरी पाडली. वळणावर दोन्ही फौजा नाकाला नाक लावून उभ्या. माझ्या बाजूनं पहिला तो टेम्पो आणि त्याच्या मागं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या वळणावर मागं घेऊन दाखवणारा गडी अजून जन्माला यायचाय. पुढं वाट नाही, मागं वाट नाही, आणि ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं चालूच. शेवटी क्रेन आणून पत्रे उचलले आणि कामाच्या खड्ड्यांमधनं एकेक गाडी बाहेर काढली. रस्ता मोकळा व्हायला बारा वाजून गेले. कुणाला खरचटलं नाही, एवढी देवाची कृपा. पण त्या गर्दीत कुणीतरी बडा माणूस अडकला होता आणि त्यानं थेट वर फोन लावला होता.

साहेबानं आम्हा दोघांना कंटेनरमध्ये बोलावलं. ती आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. मी ते बघितलं आणि सोडून दिलं. साहेबाचा चेहरा उतरला होता. तो मला म्हणाला, "चाचा, सच बताओ. काठी दिली होती की नाही?"

"दिली."

"कोणाला?"

"शेवटच्या गाडीला."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शेवटची गाडी कुठली, ती रांग मोडून कुणी घुसवली, काठी नसताना हिरवी झेंडी कुणी दाखवली, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नळ उघडा दिसला तरी गल्ली गोळा करणारा माणूस मी, तिथं माझ्या तोंडाला कुलूप बसलं. मला भीती वाटली. हे काढून टाकणार, परत त्या घरात जाऊन बसावं लागणार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि सून काही बोलणार नाही. एवढ्याचीच भीती. साठी उलटलेल्या माणसानं सांगायलाही लाज वाटावी, पण खरं ते हेच आहे.

साहेब तिच्याकडं वळला. "काठी तुमच्याकडे आलीच नाही? शेवटची गाडी कुठली होती, बघितली का तुम्ही?"

तिनं माझ्याकडं बघितलं. चांगलं बघितलं, घाई न करता. मी झेंडीचं टोक बोटाला गुंडाळत होतो. मग ती साहेबाला म्हणाली, "ध्यान न्हवतं, साहेब."

ध्यान नव्हतं म्हणजे चूक कबूल. साहेबाला वर दाखवायला एक माणूस पाहिजेच होता, तो मिळाला. उद्यापासून येऊ नका, असं त्यानं खाली बघून सांगितलं. तिनं जॅकेट काढलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं. शिट्टीची दोरी गळ्यातनं काढताना केसात अडकली, ती सोडवायला तिला वेळ लागला. मी खिडकीतनं क्रेन बघत बसलो. ती गेल्यावर मी स्वतःला समजावलं, तिचंच ध्यान नव्हतं म्हणते, आता मी काय करणार? घरी पोचेपर्यंत हे मी शंभर वेळा घोकलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची गाडी आली आणि पठ्ठ्यानं हसत हसत खिडकीतनं काठी पुढं केली. "वस्ताद, ही तुमची काठी. काल गाडीतच ऱ्हायली की!"

माझा चेहरा बघून तो जरा वरमला. "उशीर झालता ओ. चिलिंग सेंटरला पोचल्यावर मांडीखाली घावली. ती बाई लई लांब पळत आली मागनं. आरशात दिसत हुती. हात करत हुती, वरडत हुती, पार पंपाच्या पुढंवर. चप्पल तुटली तिची, तशीच पळाली. वाटलं हुतं थांबावं. पण दूध हुतं न्हवं? तुमीच शिकवलंय, चाक थांबवायचं न्हाय."

मी त्याला अशा शिव्या घातल्या की रांगेतले लोक इंजिनं बंद करून ऐकायला लागले. त्याचं नक्की चुकलं काय, तेच त्याला कळेना. शिव्या खरं तर ज्याला घालायच्या होत्या, तो पिवळं जॅकेट घालून उभा होता.

म्हणजे ध्यान नव्हतं म्हणणारी बाई चप्पल तुटेस्तोवर त्या गाडीमागं पळाली होती. गाडी दुधाची, म्हणजे रांग मोडून घेतलेली, म्हणजे मामाचं काम, हे तिला त्याच वेळी कळलेलं असणार. एवढं कळूनही मी लगेच साहेबाकडं गेलो का? नाही. आणखी दोन दिवस घालवले. काठी जॅकेटच्या आत खोचून फिरलो. दोनदा कंटेनरच्या पायरीपर्यंत गेलो आणि तिथल्या माठातलं पाणी पिऊन परत आलो. पलीकडच्या टोकाला लोखंड बांधणाऱ्यांतला एक गडी तात्पुरता उभा केला होता. त्याला ना आवाज ना दरारा, गाड्या त्याच्या पायावरनं जायच्या. मी झेंडी दाखवताना चुकायला लागलो. बसलो तर बसवेना, उभा राहिलो तर उभं राहवेना.

शेवटी बायकोनंच ओळखलं. दोन दिवस घरात भांडण नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं म्हणाली. मी सगळं सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती, हात न थांबवता तिनं ऐकून घेतलं. "जलमभर ह्याच्या-त्याच्या तोंडावर बोलत आलासा," ती म्हणाली, "आणि बोलायचं तिथं दातखीळ बसली व्हय?" मग उठून तिनं माझ्या चपला दारात आणून ठेवल्या. "जावा. सांगून या, मगच जेवायला बसा."

मी गेलो. साहेबाच्या टेबलावर काठी ठेवली आणि पहिल्यापासनं शेवटपर्यंत सगळं सांगितलं. दुधाची गाडी, टेम्पो, हिरवी झेंडी. जॅकेट काढून काठीवर ठेवलं आणि म्हटलं, मला काढा आणि तिला परत घ्या. साहेबानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "चाचा, रिपोर्ट तर गेला. आता कोणी विचारत पण नाही. जॅकेट घाला. आणि त्या बाईंना बोलवा ना, मला पण तिथं चांगला माणूस पाहिजे. उद्या येऊ द्या."

एवढंच. ज्या गोष्टीला मी तीन दिवस भीत होतो, ती दोन वाक्यांत संपली. ओरडला असता, हाकलला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच पावली बस धरून कळंब्याला गेलो. तळ्याकडच्या गल्लीत दोन-तीन ठिकाणी विचारत घर काढलं. दारात भावजय धुणं वाळत घालत होती. मी पुलाच्या कामावरनं आलोय म्हटल्यावर तिनं पदरानं हात पुसले. "वन्सं न्हाईत. काल सकाळी गेल्या की. दाजी आलतं न्यायला. काम सुटलंय कळल्यावर आमच्या ह्यांनी बी मग काय धरून ठिवलं न्हाय. पोरीचं दप्तर तेवढं हितंच ऱ्हायलंय."

काल सकाळी. म्हणजे काठी परत आली त्याच दिवशी मी बोललो असतो तर ती अजून इथं असती. मी भावजयीकडं नंबर मागितला. "त्यांचा फोन दाजींनी काढून घेतलाय," ती म्हणाली, "सासूच्या फोनवर लावून बगा." नंबर तिनं भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. तिथंच उभं राहून लावला.

सासूनं उचलला. पुलाच्या कामावरनं बोलतोय म्हटल्यावर तिनं फोन कुठंतरी ठेवला, आणि मला बराच वेळ नुसती भांडी ऐकू येत राहिली. मग बाईचा आवाज आला, "हॅलो." एवढा बारीक आवाज तिचा असेल असं मला वाटलं नव्हतं.

"पोरी, मी मामा," मी भडाभडा बोलत सुटलो. "साहेबाला सगळं सांगितलंय. चूक माझी हुती म्हणून सांगितलंय. तुझी जागा तुला हाय. उद्याच ये. ऐकाल्यास न्हवं?"

"ऐकालेय, मामा." मग म्हणाली, "आता कसं जमंल? हितं आता विचारून बाहेर पडावं लागतंय."

मग जे तीन दिवस आत कुरतडत होतं तेच तोंडातनं आलं. "तुला म्हाईत हुतं दुधाची गाडी हुती. चप्पल तुटंस्तवर पळालीस तू. मग साहेबानं इचारलं तवा सांगितलं का न्हाईस? माझं नाव का घेतलं न्हाईस?"

"मला वाटलं, तुमी सांगशीला. म्हणून तर तुमच्याकडं बगितलं."

"आणि मी गप बसलो, तवा तरी बोलायचंस की गं!" माझा आवाज चढला. तिथंही तिच्यावरच चढला. भावजय हातातलं धुणं तसंच धरून माझ्याकडं बघत होती.

"तुमी भ्यालता, मामा," ती म्हणाली. "भ्यालेलं माणूस मला बगितल्या बगितल्या कळतंय. त्याला आणिक मी कशाला भ्या घालू?"

पलीकडनं एका पुरुषाचा आवाज आला, कुणाचा फोन हाय म्हणून. आणि फोन बंद झाला.